नळी कुणाच्या ताटात?

तिसगावात कल्याण-विशाखापट्टणम महामार्गाला लागून माझी खानावळ आहे. नगरहून करंजी घाट ओलांडून पाथर्डीकडे जाणारे ट्रकवाले, मढीला कानिफनाथांच्या दर्शनाला निघालेले भाविक, हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या, असं सगळं गिऱ्हाईक. त्याआधी बरीच वर्षं मी पुण्यात, खराडीला, एका कोरियन कुटुंबाकडे स्वयंपाकाला होते. नगर रस्त्यावर रांजणगावला एलजीचा कारखाना आला, पुण्याच्या आसपास आणखी कोरियन कंपन्या आल्या, आणि साहेब लोकांबरोबर त्यांचे सोया सॉसचे डबेही आले. त्या घरात मी गल्बीजिम शिकले. बरगडीचं मांस सोया सॉस, लसूण, तिळाचं तेल आणि किसलेली नासपती यांत मुरवायचं, मग मुळा-गाजराबरोबर मंद आचेवर तास-दोन तास शिजवायचं, रस आटून तुकड्यांवर चकाकी येईपर्यंत. कोरियात ते गाईबैलाच्या मांसाचं करतात. आपल्या राज्यात गोवंश हत्याबंदी, म्हणून त्या घरात बोकडाच्या छातीवर भागवत. मला विचाराल तर त्यानं काही बिघडत नव्हतं.

दोन्हीकडची पातेली ढवळून जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे. मटण पौष्टिक असतं का, असं हल्ली रोज कुणी ना कुणी विचारतं. जिमला जाणाऱ्या पोरांना तर प्रोटीनचा आकडाच हवा असतो. आकडे मी सांगते, पण माझं म्हणणं वेगळं आहे. मांसातलं सत्त्व पातेल्यात फारसं कमी-जास्त होत नाही. ते कमी-जास्त होतं वाढताना.

१. मंद आचेला चिवट तुकडाच लागतो.

खाटकाच्या दुकानात गेलं की जो तो "रानाचं द्या" म्हणतो. रान मऊ असतं, सुकं परतायला उत्तम. पण तास-दीड तास शिजवायचं असेल तर मान, खांदा, छाती आणि नळ्या घ्याव्यात. जनावरानं जो भाग जास्त राबवला, त्यात स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजन जास्त. तुकडा चिवट होतो तो त्याच्यामुळेच. आणि तेच कोलॅजन साठ-सत्तर अंशांच्या वर बराच वेळ पाण्यात राहिलं की विरघळून त्याचं जिलेटिन होतं. मग तुकडा बोटानं तुटतो, रस्सा ओठांना जरासा चिकटतो. गल्बीजिमला बरगडी का, तर याचसाठी.

जनावर जून असेल तर वेळ वाढतो. त्या कोरियन घरातल्या आजी त्यासाठी नासपती किसून लावायच्या, आम्ही कच्च्या पपईची फोड वाटून लावतो. दोन्हींत मांस मऊ करणारी पाचकद्रव्यं असतात. पपई जास्त झाली तर मात्र तुकड्याचा वरून लगदा होतो आणि आतून तो तसाच राहतो.

बोकडाचं मांस मुळात चरबीला कमी. वरची चरबी काढून टाकली तर १०० ग्रॅम कच्च्या मांसात साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात आणि चरबी अडीच-तीन ग्रॅमच. मेंढीचं त्याहून चरबीदार. आमच्या भागात बोल्हाईला मानणारी घरं आहेत, ती बोकड खात नाहीत, मेंढीच खातात. त्यांची ऑर्डर असली की मी फोडणीचं तेल निम्म्यावर आणते, कारण उरलेलं तेल मेंढीच पुरवते.

आणि पाव किलो म्हणजे पाव किलो मांस नव्हे. हाडं, पडदे वजा केले, शिजताना सुटलेलं पाणी वजा केलं, की ताटात शंभर-सव्वाशे ग्रॅम उरतं. त्यात प्रथिनं पस्तीसेक ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे पंचावन्न किलोच्या बाईला ४६ ग्रॅम. पाव किलोत तिची बरीचशी सोय झाली. तिला ते पाव किलो मिळालं तर.

२. झाकणावर पाणी ठेवावं, आणि आतलं पाणी मोरीत ओतू नये.

आमच्याकडे मटणाच्या पातेल्यावर झाकण म्हणून खोलगट ताट ठेवतात आणि त्या ताटात पाणी ओततात. खाली मटण कांद्यावर, आलं-लसूण, हळद आणि मिठात, स्वतःला सुटलेल्या पाण्यातच शिजत असतं. वाफ ताटाच्या गार बुडाला लागते, थेंब होऊन परत पातेल्यात पडते, म्हणून तळाला काही धरत नाही. वरचं पाणी हळूहळू तापतं. ताटाच्या कडेनं मोत्यासारखे बारीक बुडबुडे धरले की आतलं मटण निम्मं झालं असं समजायचं. मग दोन्ही हातांत फडकी घेऊन ताट एका अंगाला कलतं करायचं आणि तेच कढत पाणी आत सोडायचं. गार पाणी ओतलं तर मटण दचकतं, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. दचकणं म्हणजे आकसून चिवट होणं.

कोरियन घरात याच्या उलट. तिथे बरगड्या आधी गार पाण्यात भिजवून रक्त काढायचं, पाणी दोन-तीनदा बदलायचं. मग पाच-दहा मिनिटं उकळून तेही पाणी फेकायचं, तुकडे धुवायचे, आणि तिथून पुढे खरा स्वयंपाक. आजींचं म्हणणं, वास जातो आणि रस स्वच्छ येतो. येतो खरा. पण त्या पाण्याबरोबर ब गटातली काही जीवनसत्त्वं आणि क्षारही जातात, आणि माझ्यासारख्या दुष्काळी तालुक्यातल्या बाईला नुसतं पाणी फेकायचंही जिवावर येतं.

आपल्याकडे मसाला पडण्याआधीच्या त्या पाण्याला अळणी म्हणतात. वाटीभर अळणी, त्यात हवं तर लिंबू, ही लहान मुलांची, बाळंतिणीची आणि तापातून उठलेल्याची वाटी. ब गटातलं थायमिन उष्णतेनं थोडं मरतं, बरंचसं पाण्यात उतरतं. रस्सा प्यायला तर ते पोटातच जातं. ब-१२ बऱ्यापैकी टिकतं, आणि ते भाजी-भाकरीतून मिळतच नाही. दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच येतं.

३. हे सणाचं खाणं आहे.

कोरियन लोकांचा छुसक हा सण त्यांच्या आठव्या चांद्रमहिन्याच्या पौर्णिमेला येतो. आपल्या पंचांगाशी ताडून पाहिलं तर बहुतेक वर्षी ती भाद्रपद पौर्णिमा, कधीमधी कोजागरी. २०२३ आणि २०२४ साली भाद्रपद होती, २०२५ साली ६ ऑक्टोबरला थेट कोजागरी आली. त्या दिवशी ते पूर्वजांना नैवेद्य मांडतात. आपला पितृपक्ष भाद्रपद पौर्णिमेला लागूनच सुरू होतो. छुसकला आणि नवीन वर्षाला गल्बीजिम ठरलेलं. एरवी पूर्वीच्या काळी ते सामान्य घरात होतच नसे. बैल नांगराला हवा, म्हणून जोसन राजवटीत तिकडेही गाईबैल मारण्यावर पुन्हा पुन्हा बंदी घातली गेली होती. हे ऐकलं तेव्हा मला ते लोक एकदम शेतकरी वाटायला लागले.

आपल्याकडे कंदुरी, नवसाचा बोकड, आखाड. वर्षातून मोजक्या वेळा. म्हणून त्या दिवशी हात सैल: तेल जास्त, खोबरं जास्त, तिकडे साखर जास्त. सणाचा तो हात खानावळीत रोज चालवला की काय होतं ते सातव्या मुद्द्यात सांगते.

४. वाटे गावात सारखे पडतात, घरात नाही.

गावाकडे अजूनही चार-सहा घरं मिळून बोकड घेतात. मुलाणी कापून देतो आणि गोणपाटावर प्लॅस्टिक अंथरून वाटे घालतात. मला ती पद्धत फार आवडते. प्रत्येक वाट्यात रानाचे तुकडे, दोन बरगड्या, एक नळी, मानेचं हाड, कलेजीची फोड, पसाभर वजडी, बोटभर चरबी. कुणाला नुसतं मांस नाही, कुणाला नुसती हाडं नाहीत. मग एकानं पाठमोरं उभं राहायचं, दुसऱ्यानं वाट्यावर बोट ठेवून "हा कुणाचा?" विचारायचं, आणि पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं. भांडणाला जागाच नाही. आहारशास्त्राच्या नजरेनं पाहिलं तरी ही वाटणी चोख आहे, कारण कलेजीत मांसाच्या दुपटीहून जास्त लोह असतं, अ जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि तिचा तुकडा प्रत्येक घरी पोचतो.

तो वाटा घरी आला की न्याय संपतो. कलेजी आधीच तव्यावर मीठ-मिरी लावून परतली जाते आणि ओट्यावरून पुरुषांच्या, पोरांच्या हातात जाते. नळी घरधन्याला, नाही तर जावयाला. चांगले तुकडे पाहुण्यांना. शेवटी बायका बसतात तेव्हा पातेल्यात रस्सा मुबलक आणि त्यात मानेची हाडं. ती चोखताना कुणी तक्रारही करत नाही. "मला रस्साच आवडतो" हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलं आहे की आता त्यावर माझा विश्वास नाही.

आता आकडे घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि पाळी येणाऱ्या बाईला २९. म्हणजे ज्याला कमी लागतं त्याच्या ताटात कलेजी, आणि जिला जास्त लागतं तिच्या ताटात हाड. रस्सा कितीही घट्ट असला तरी लोह मुख्यतः तुकड्यात असतं, रश्श्यात नाही.

ऊसतोडीचा हंगाम लागतो तेव्हा पाथर्डी-शेवगावकडची जोडपी टोळीनं बाहेर पडतात. एका जोडप्याला एक कोयता म्हणतात. ऊस दोघं तोडतात, मोळ्या बांधून ट्रकवर चढवायला दोघं लागतात, आणि पहाटे उठून भाकऱ्या थापायला एकटी बाई. निघायच्या आधी मुकादम कधी कधी सगळ्यांना मटण खाऊ घालतो. अशीच एक टोळी माझ्याकडे जेवायला बसली होती. मी थाळ्या मोजून सारख्या वाढल्या होत्या. वळून पाहते तर एक पोरगी, विशी-बाविशीची असेल, आपल्या ताटातले तुकडे एकेक करून नवऱ्याच्या ताटात सरकवत होती. तोही न बघता खात होता. मी काही बोलले नाही, पण तिच्या ताटात आणखी एक पळी वाढली. तिनं त्यातलेही दोन सरकवले. तिसरी पळी घेऊन मी तिथेच उभी राहिले, आणि ती खाईपर्यंत हलले नाही. नवरा ओशाळला की रागावला ते कळलं नाही.

कोरियन घरात गल्बीजिमचं भांडं टेबलाच्या मधोमध ठेवत. पहिला तुकडा वडीलधाऱ्यांनी उचलायचा, हा मान तिकडेही आहे, आणि सणाचा स्वयंपाक तिकडेही सुनेच्याच अंगावर पडतो. पण एकदा आजींनी तुकडा उचलला की ज्यानं त्यानं आपापला घ्यायचा, आणि सूनही त्याच वेळी टेबलाशी बसलेली असायची. मागून जेवण्याचा प्रकार त्या घरात नव्हता. सगळ्या कोरियाचं मला माहीत नाही, त्या एका घराचं सांगते आहे.

५. पायाच्या सुपानं हाड सांधतं, हे मनातून काढावं.

पाय मोडला की पाया सूप, हा सल्ला इतका पक्का आहे की अस्थिरोग तज्ज्ञाकडून परस्पर माझ्याकडे येणारी माणसं आहेत. मी सूप करते, विकते आणि सांगतेही. थंड झाल्यावर ते थलथलीत होतं ते जिलेटिनमुळे. त्याला प्रथिन म्हणता येतं, पण अपुरं. शरीराला बाहेरून घ्यावंच लागणारं ट्रिप्टोफॅन त्यात नाही. हाडातलं कॅल्शियम नुसत्या उकळण्यानं पाण्यात फारसं उतरत नाही. कॅल्शियम हवं तर दूध, तीळ आणि नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. सूप गरम असतं, पोटाला बरं वाटतं, भूक उघडते. आजारी माणसाला तेवढंही पुष्कळ.

६. बाजरीची भाकरी ही मटणाची भाकरी, आणि त्याला कारण आहे.

बाजरीत लोह चांगलं असतं, १०० ग्रॅमला सहा मिलिग्रॅमच्या आसपास. पण धान्यातल्या फायटेटमुळे त्यातलं थोडंच अंगी लागतं. मांसातलं लोह वेगळ्या रूपात असतं, ते पंधरा ते पस्तीस टक्क्यांपर्यंत शोषलं जातं. आणि मांसाचा आणखी एक गुण असा की बरोबर खाल्लेल्या धान्यातलं लोहही त्याच्यामुळे जास्त शोषलं जातं. लिंबू पिळलं तर आणखी. म्हणून भाकरी रश्श्यात कुस्करून, वर लिंबू पिळून खाणारा गडी, त्याला कुणी शिकवलेलं नसलं तरी, बरोबर खातो आहे. दोनच तुकडे परवडत असले तरी ते भाकरीबरोबर खाल्ले की दोन तुकड्यांपेक्षा जास्त काम करतात.

या सगळ्यावर पाणी फिरवतो तो चहा. जेवून हात धुतो न धुतो तोच "मावशी, दोन चहा." चहातले टॅनिन धान्यातलं लोह धरून ठेवतात. तास-दीड तास थांबा म्हटलं तर ट्रकवाला हसतो. त्याला पुढे नांदेड गाठायचं असतं.

गल्बीजिममध्ये मला पटलेली गोष्ट म्हणजे पातेल्यातच भाजी असते. मुळा, गाजर, अळंबी, चेस्टनट, आणि सुकवलेली बोरं. हो, बोरं. आपल्या बांधावरच्या बोरीची नव्हेत, पण त्याच घराण्यातली. गाजराच्या फोडींच्या कडा आजी सुरीनं तासून गोल करायच्या, म्हणजे तासभर शिजूनही त्या मोडत नाहीत आणि रस गढूळ होत नाही. एवढं किचकट काम मी बाकी कुठल्या स्वयंपाकात पाहिलं नाही. त्यामुळे किलोभर बरगडीत पाच-सहा जण पोटभर जेवायचे आणि मुळा मांसाच्या चवीचा होऊन जायचा. तिसगावात मी मटणाच्या रश्श्यात मुळा घालून पाहिला. गिऱ्हाइकांनी फोडी वेचून ताटाच्या कडेला मांडल्या, आणि एकानं विचारलं की मटण कमी पडलं का. आता मुळा कोशिंबिरीत देते.

७. बोकडाला दोष देऊ नका, तर्री आपणच घालतो.

रश्श्यावरचा लाल थर बघून लोक म्हणतात, मटण जड असतं. त्यात बोकडाची चरबी थोडी. बाकी फोडणीचं तेल आणि वाटणातल्या सुक्या खोबऱ्याचं तेल. माझ्या काळ्या मसाल्याला, येसराला मी नावं ठेवत नाही. उलट येसर, म्हणजे धान्य-डाळी भाजून केलेलं ते मसाल्याचं पीठ, रस्सा दाट करतं, त्यामुळे खोबरं कमी लागतं. रोज खाणाऱ्यानं तर्री पळीनं बाजूला सारावी. कोरियन पद्धत याहून सोपी: शिजवलेलं मांस रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी वर गोठलेला चरबीचा पांढरा थर उचलून टाकायचा, मग पुढचं शिजवायचं.

पण तेलात ते जितके जपून, तितके मिठात सैल. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सव्वादोन ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. किलोभर बरगडीला सहा-सात चमचे सहज जातात. पाच जणांत वाटलं तरी माणशी तीन ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते, आणि शेजारी किमची असतेच. वर साखर किंवा मध. ओटीटीवर कोरियन मालिका बघून हा पदार्थ "हेल्दी" म्हणून करणाऱ्या मुलींनी सॉस निम्मा घ्यावा, उरलेली चव लसूण आणि पातीच्या कांद्यावर सोडावी. साखरेऐवजी नासपती वाढवली तरी चालते.

८. "चुलीवरचं मटण" ही पाटी चवीची आहे.

नगर ते पाथर्डी रस्त्यावर ही पाटी नसलेलं हॉटेल शोधून दाखवा. धुराचा वास येतो, तो कुणाला आवडतो, मलाही आवडतो. पण सत्त्वाच्या दृष्टीनं कुकरमधलं आणि चुलीवरचं यांत सांगण्यासारखा फरक नाही. कुकरमध्ये उष्णता जास्त, वेळ कमी. कोलॅजन तिथेही विरघळतं. फरक पडतो तो चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीला. मी गॅसवर जाड बुडाच्या पातेल्यात करते आणि पाटीवर नुसतं "मटण" लिहिलं आहे. धंदा थोडा कमी होतो.

९. म्हाताऱ्या माणसांना मटण बंद करू नये, बारीक करावं.

दात गेले की घरचे आपणहून ठरवतात, आता नको. खरं तर उतारवयात स्नायू झिजतात, प्रथिनं तेव्हाच कमी पडू देता कामा नयेत. तास-दीड तास शिजलेली मान हाडावरून सहज सुटते. ती कुस्करून भाकरीच्या पापुद्र्यात द्यावी. कोरियन आजींना कवळी होती. त्या गल्बीजिम कात्रीनं बारीक कापून खायच्या, अगदी टेबलावर, कात्री शेजारी ठेवून. मला आधी विचित्र वाटलं. आता माझ्या खानावळीतही एक कात्री आहे.

ज्यांचं युरिक ॲसिड वाढलेलं आहे, त्यांनी मात्र तुकड्यापेक्षा रश्श्याला भ्यावं. मांसातली प्युरिन्स पाण्यात उतरतात, आणि कलेजी-गुर्द्यात ती मुळातच जास्त. "मी मटण सोडलं, नुसता रस्सा पितो" म्हणणारे बोट सुजवून परत येतात. गरोदर बाईनं कलेजी रोज खाऊ नये, अ जीवनसत्त्व अति झालं तर बाळाला अपाय होतो. एरवी मटण खुशाल खावं.

१०. रात्रीचं पातेलं सकाळी गरम केलं म्हणजे शुद्ध झालं, असं नाही.

मढीची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत चालते. दिवस उन्हाळ्याच्या तोंडाचे. मोठ्या पातेल्यात उरलेला रस्सा तासन् तास कोमट राहतो, आणि कोमट मांसात वाढणारे जंतू असे आहेत की त्यांचे बीजाणू उकळीलाही दाद देत नाहीत. दोन तासांच्या आत लहान भांड्यांत काढून गार करावा आणि फ्रिजला लावावा. मुरलेलं मटण दुसऱ्या दिवशी जास्त लागतं, हे खरं आहे. ते फ्रिजमध्येही मुरतं.

११. भाकरी करणारीनं आधी जेवावं.

माझ्याकडे भाकऱ्या थापायला तिघी आहेत. आधी जिथे कामाला होत्या, तिथे चार वाजता गिऱ्हाईक संपलं की उरलेल्यावर जेवायच्या. मटणाच्या खानावळीत चार वाजता काय उरतं ते वर लिहिलंच आहे. मी पहिलं पातेलं उतरलं की साडेअकराला त्यांना बसवते. प्रत्येकीला चार तुकडे, आणि कलेजी असली तर त्यांचीच. सुरुवातीला लाजायच्या, तोंड भिंतीकडे करून जेवायच्या. एकीनं तर दोन तुकडे डब्यात भरून पोराला न्यायला सुरुवात केली. मग पोराचा डबा वेगळा द्यायला लागले, कारण तिच्या ताटातले तुकडे तिथेच संपायला हवे होते.

एक मुकादम नेमका त्याच वेळेला येतो. बाकावर बसून घड्याळ बघतो. "मावशी, गिऱ्हाईक उपाशी अन् तुमच्या बायका आधी?" मी म्हटलं, त्या उठल्याशिवाय तवा तापत नाही. त्यानं दोन-चार दिवस दुसरीकडे जाऊन पाहिलं, परत आला. आता बाहेरच्या पाटीवर "मटण" या शब्दाखाली मी वेळही लिहून घेतली आहे: जेवण बारा वाजल्यापासून.